आधी निकष तपासा : विद्यापीठाच्या सार्वजनिक धोरण केंद्राला खुले पत्र

प्रति,
मा. संचालक आणि सर्व संशोधक मंडळी,
सार्वजनिक धोरण केंद्र

सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यात शेती करते. कापूस, तूर, सोयाबीन. एक कार्यकाळ ग्रामपंचायत सदस्य होते. तेव्हापासून गावातल्या लोकांचे अर्ज भरून देण्याचं काम माझ्याकडे आलं, ते अजून आहे. माझी भाची तुमच्या विद्यापीठात शिकते. तुमच्या केंद्राने संशोधनासाठी कोणते विषय निवडले आहेत, ती यादी तिने मला वाचायला दिली. सार्वजनिक वित्त, विकेंद्रीकरण, हवामानबदल, शेती, आरोग्य, शिक्षण, डिजिटल प्रशासन, सामाजिक सुरक्षा. यादी मी दोनदा वाचली. एकही विषय आमच्या कामाचा नाही असं नाही. तरीही हे पत्र लिहिते आहे, कारण या सगळ्या विषयांच्या तळाशी जी गोष्ट आहे तिला यादीत जागा नाही.

ती गोष्ट म्हणजे निकष. धोरण दिल्लीत ठरो की मुंबईत, आमच्या गावात ते निकष होऊनच उतरतं. किती मिलिमीटर पाऊस, किती हेक्टर जमीन, किती तासांत तक्रार, पैसेवारी (पीक रुपयात किती पैसे आलं याचा सरकारी अंदाज) किती, सातबारा कोणाच्या नावावर. सरकार बदलतं, योजनेचं नाव बदलतं, निकष मात्र जुन्या जीआरमधून नव्या जीआरमध्ये जसाच्या तसा उतरवला जातो. तो कोणी, कधी, कशाच्या आधारावर ठरवला हे तलाठ्याला विचारलं तर तो तहसीलकडे बोट दाखवतो, तहसीलवाले मंत्रालयाकडे. म्हणून माझी मागणी आहे की तुमच्या केंद्राने निकषांचा अभ्यास हेच एक स्वतंत्र संशोधन क्षेत्र करावं.

पावसापासून सुरुवात करते. चोवीस तासांत महसूल मंडळात ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर अतिवृष्टी धरतात. मोजणारं यंत्र बहुधा मंडळाच्या गावाला असतं, आणि एका मंडळात कितीतरी गावं येतात. यंत्रातला आकडा तोच सगळ्या गावांचा आकडा. आमच्याकडे पाऊस कसा पडतो ते तुम्हाला सांगायला नको. नाल्याच्या अलीकडे कोरडं आणि पलीकडे धुरे (बांध) फुटलेले, असं आम्ही दर पावसाळ्यात बघतो. मागे एकदा रात्री असा पाऊस झाला की सकाळी वावरात गेले तर पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, तासं दिसत नव्हती, नुसती गाळाची पाटी. उताराकडच्या चार-पाच जणांची सोयाबीन मुळासकट वाहून धुऱ्याला अडकली होती. मंडळाच्या गावी त्या रात्री भुरभूर पाऊस होता. नोंद ६५ च्या खूप खाली. पंचनामे व्हावेत म्हणून आम्ही अर्ज दिले. पंचनाम्याचे साहेब चांगले होते, वावरात आले, गाळ बघितला, फोटोही काढले. म्हणाले, "ताई, मला दिसतं आहे, पण यंत्रात नाही." त्या माणसाचा राग मला तेव्हाही आला नाही. निकषापुढे त्याच्या डोळ्यांना काही किंमतच नव्हती.

आता केंद्र सरकारच्या विंड्स प्रकल्पात प्रत्येक ग्रामपंचायतीत स्वयंचलित पर्जन्यमापक बसवायचा आहे. तुमच्यासाठी ही मोठी संधी आहे. एका मंडळातली सगळी गावं घ्या. मंडळाचा आकडा काय सांगत होता आणि गावाचा आकडा काय सांगतो, हे दोन-तीन पावसाळे शेजारी शेजारी मांडा. मधल्या फरकामुळे किती शिवारं मदतीबाहेर राहिली ते आपोआप दिसेल. हवामानबदल हा विषय तुमच्या यादीत आहेच. आमच्यासाठी हवामानबदल इथे, या दोन आकड्यांच्या मध्ये आहे.

पैसेवारीचंही तेच. पन्नास पैशांच्या आत आली की जमीन महसुलात सूट, पोरांच्या परीक्षा शुल्काची माफी, कर्जाचं पुनर्गठन अशा सवलतींचा दरवाजा उघडतो. हंगामी पैसेवारी सप्टेंबरअखेर जाहीर होते. त्या वेळी कापसाचा पहिला वेचाही झालेला नसतो. सीतादहीची पूजा करून वेचणीला लागायचे दिवस दसऱ्याच्या पुढचे, आणि आकडा आधीच कागदावर. पुढे सुधारित येते, डिसेंबरअखेर अंतिम येते. पण मधले तीन महिने गाव त्या पहिल्या आकड्यावर भांडत बसतं. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेने दुष्काळ ठरवायला पावसाची तूट, जमिनीतली ओल, उपग्रहावरून दिसणारी हिरवळ असे निर्देशांक आणले. शास्त्रीय आहेत, मान्य. पण २०१७ आठवा. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीने विदर्भात कापूस खाल्ला तेव्हा पऱ्हाटी वरून हिरवीगार होती. बोंड फोडल्याशिवाय आत काय झालं आहे ते समजत नव्हतं. शेंगाच न लागलेली सोयाबीनही अशीच हिरवी उभी असते. वरून जे दिसतं त्यावरून नुकसान ठरवायचं असेल तर कोणत्या पिकात, कोणत्या महिन्यात ते चुकतं, याची तपासणी कोणीतरी करायला हवी. अकोल्याचं कृषी विद्यापीठ आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था पिकाचं शास्त्र सांगतील. ते शास्त्र निकषात का उतरत नाही हा प्रश्न मात्र धोरणवाल्यांचा, म्हणजे तुमचा आहे.

सगळ्यात जुना घाव दोन हेक्टरांचा आहे. २००६ च्या जुलैमध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. दोन वर्षांनी, २००८ मध्ये, देशभराची कर्जमाफी आली. दोन हेक्टरपर्यंत, म्हणजे पाचेक एकरांपर्यंत, पूर्ण माफी. त्यावर एक गुंठा जास्त असला तरी २५ टक्के सूट, आणि तीही उरलेली रक्कम भरल्यावर. ज्या भागातल्या शेतकरी आत्महत्यांमुळे कर्जमाफीची चर्चा देशात सुरू झाली, त्याच भागातले कितीतरी कोरडवाहू कास्तकार या रेषेच्या बाहेर राहिले. आमच्याकडे सात-आठ एकर म्हणजे बडा शेतकरी नव्हे. हलकी जमीन, विहीर नाही, पाऊस गेला की वर्ष गेलं. कालव्याखालचे पाच एकर आणि आमच्या बरडावरचे पाच एकर सरकारी कागदावर सारखेच. नैसर्गिक आपत्तीच्या केंद्राच्या २०२२-२६ च्या निकषात जिरायतीला हेक्टरी ८,५०० रुपये आणि मर्यादा पुन्हा दोन हेक्टर. राज्य सरकार कधी कधी दर वाढवतं, मर्यादा तीन हेक्टर करतं, पुन्हा खाली आणतं. दोन हेक्टर हा आकडा कोरडवाहू भागासाठी बरोबर आहे का, जमिनीचा पोत आणि पाणी धरून वेगळी रेषा आखता येईल का, तिला खर्च किती येईल? सार्वजनिक वित्ताच्या तुमच्या लोकांनी हे गणित मांडावं. ते मांडायला मंत्रालयात कोणाला वेळ नाही, आणि आमच्याकडे साधनं नाहीत.

आता नावावर येते. नुकसानभरपाई सातबाऱ्यावरच्या नावाला मिळते. जो मक्त्याने (भाड्याने) किंवा बटईने (वाट्याने) वावर करतो त्याचं नाव कुठेच नसतं. बियाणं त्याचं, खत त्याचं, मेहनत त्याच्या घराची, आणि मदत पुसदला किंवा नागपूरला राहणाऱ्या मालकाच्या खात्यात. मक्ता तोंडी असतो, कारण कागद केला तर कूळ लागेल ही मालकाची भीती. ही भीती कायद्यातून दूर कशी करायची, याचं उत्तर एखाद्या धोरण केंद्राने नाही शोधायचं तर कोणी शोधायचं? शेतमजुराचं तर विचारूच नका. अतिवृष्टीत पीक गेलं म्हणजे निंदण गेलं, वेचणी गेली, मजूर बाईच्या दिवाळीपर्यंतच्या मजुरीचे दिवस गेले. हे नुकसान कोणत्याच पंचनाम्यात लिहायला रकाना नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली. त्यांत दुसऱ्याच्या वावरात मजुरीने पंप पाठीवर घेणारे होते. शेतकरी म्हणून आखलेल्या मदतीत त्यांना बसवता बसवता यंत्रणेची तारांबळ उडाली. फवारणारा मजूर कोणत्या खात्याचा? कृषीचा, कामगारचा की आरोग्याचा? आजही मला याचं उत्तर नीट सांगता येत नाही.

आणि बाया. कापसाच्या शेतीतली निम्म्याहून जास्त कामं बाया करतात हे सांगायला मला सर्वेक्षणाची गरज नाही, मी तासात उभी असते. पण कास्तकार म्हणून कागदावर त्या फार थोड्या. नवरा असेपर्यंत चालून जातं. तो गेला की फेरफार, वारस नोंद, दीर, सासरा, आणि या सगळ्यात पीक कर्जाचा हंगाम निघून जातो.

आत्महत्यांबद्दल लिहिताना माझा हात जड होतो, पण लिहायलाच हवं. मदतीचा निकष असा आहे की कुटुंबात कोणाच्या तरी नावावर शेती असावी, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं असावं, ते थकलेलं असावं, परतफेडीचा तगादा असावा. कृषी केंद्राची उधारी, हातउसने, विनापरवाना सावकार यांचा कागद नसतो, मग कर्जच सिद्ध होत नाही. समिती बसते आणि फाइलवर पात्र किंवा अपात्र लिहिलं जातं. पात्र ठरलेल्या घराला एक लाख रुपये, ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. २००६ पासून हा आकडा एक लाखच आहे. शेजारच्या गावातल्या एका बाईची फाइल मी स्वतः तयार केली होती. नवरा मक्त्याने शेती करायचा. त्याच्या किंवा घरात कोणाच्याही नावावर जमीन नव्हती, म्हणून तो शेतकरी नव्हता. तिने मला विचारलं, "मंग तो जलमभर वावरात काय करत होता?" मी काहीच बोलू शकले नाही.

या विषयावर अभ्यास झाले नाहीत असं मुळीच नाही. २००५ मध्ये टाटा समाज विज्ञान संस्थेने मुंबई उच्च न्यायालयासाठी अहवाल केला. २००६ मध्ये इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचा आला, त्याच वर्षी नियोजन आयोगाचं पथक येऊन गेलं. त्यानंतर किती विद्यार्थी आले, किती प्रश्नावल्या भरल्या गेल्या, त्याला गणती नाही. प्रत्येक वेळी त्याच बाईने तीच गोष्ट पुन्हा सांगायची, आणि अहवालात काय लिहिलं हे तिला कोणी सांगायचं नाही. माझी विनंती आहे की आता तिला विचारणं थांबवा. त्याऐवजी अपात्र ठरलेल्या फाइली वाचा. दोन दशकांच्या फाइली जिल्हाधिकारी कार्यालयांत आहेत. नावं झाकून त्या वाचायची परवानगी विद्यापीठाला मागता येईल. कोणत्या कारणाने किती अपात्र, कोणत्या तालुक्यात, जमीन नव्हती म्हणून किती, कर्जाचा कागद नव्हता म्हणून किती, स्त्री होती म्हणून किती. हा एक अभ्यास झाला तरी आमच्या जिल्ह्यावर मोठे उपकार होतील.

अभ्यासाने काही होत नाही असं मानणारी मी नाही. उलट माझा त्यावर फार विश्वास आहे. १९८४ चा दांडेकर समितीचा अहवाल घ्या. अनुशेष, म्हणजे मागे राहिलेल्या भागाची विकासातली तूट, हा नुसता भाषणातला विषय होता, समितीने तो रुपयांत मोजला. राज्याचा एकूण ३,१८६ कोटी, त्यातला विदर्भाचा १,२४६ कोटी. चूक-बरोबर वाद झाले, होऊ द्या. आकडा आल्यावर सरकारला उत्तर द्यावं लागलं, पुढे १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं आली. दांडेकरांनी जिल्हा हा घटक धरला होता. केळकर समितीने २०१३ मध्ये तालुका धरला, कारण जिल्ह्याच्या सरासरीत मागास तालुका दडून जातो. मी म्हणते, तालुक्याच्या सरासरीत आमचं गावही दडतं. त्या मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली आणि तेव्हापासून मोजणारंही कोणी उरलेलं नाही. ती मोजणी विद्यापीठाने हातात घ्यायला काय हरकत आहे?

त्याहून माझ्या मनाजवळचं उदाहरण मजुरीचं आहे. शेतमजुराची किमान मजुरी ठरवताना पागे समितीने दिवसाला ४ रुपये हा आकडा काढला होता. तेव्हा वर्ध्याकडे काम करणाऱ्या डॉ. अभय बंग यांनी त्या आकड्यामागचं गणित उघडून बघितलं. शेतात राबणाऱ्या माणसाला रोज किती अन्न लागतं इथपासून एकेक गृहीतक तपासलं. हिशोब नीट केला तर मजुरी १२ रुपये यायला हवी असं त्यांनी दाखवून दिलं. त्यावर आंदोलन उभं राहिलं आणि सरकारला १२ रुपये मान्य करावे लागले. एका निकषाची आकडेमोड एका माणसाने तपासली आणि लाखो मजुरांची मजुरी तिप्पट झाली. तुमच्या केंद्रात तर किती प्राध्यापक आहेत, किती संगणक आहेत.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) तुम्हाला माहीत असेलच. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा सगळ्यांना पाठ आहे. घोषणेमागचा अभ्यास गट मात्र कमी लोकांना माहीत आहे. त्या गावात आधी अभ्यास गट बसायचा. कायदा वाचायचा, वनखात्याचे कागद वाचायचे, जाणकाराला बोलावून शंका विचारायच्या, आणि मग ग्रामसभेत सगळ्यांच्या सहमतीने निर्णय. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी हे वर्षानुवर्षं चालवलं. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हातात आला, तो या अभ्यासाच्या बळावर. म्हणजे संशोधन करायची रीत विदर्भातल्या खेड्याला नवी नाही. तुम्ही फक्त माहिती गोळा करायला येऊ नका. एखाद्या गावाच्या अभ्यास गटात वर्षभर येऊन बसा.

तुमच्या यादीतल्या बाकी विषयांबद्दल थोडक्यात. डिजिटल प्रशासनात ई-पीक पाहणी (फोनवरून पिकाची नोंद) जरूर घ्या, पण वावरात उभं राहून घ्या, जिथे रेंज नसते आणि म्हाताऱ्या कास्तकाराचा फोन साधा असतो. पीक विम्यात २०२४ पर्यंत नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यायची अट होती. पुरात तीन दिवस वीज नसते, हे त्या ७२ तासांत धरलेलं नव्हतं. विकेंद्रीकरणात पंधराव्या वित्त आयोगाचा (२०२१-२६) बंधित निधी बघा. ६० टक्के पैसा पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा होता, आणि गावाची पहिली मागणी पांदण रस्त्याची, कारण पावसाळ्यात बैलबंडी वावरापर्यंत जात नाही. रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर हा तर तुमच्या कोणत्याच विषयात बसत नाही. जनावर वनखात्याचं, पीक कृषी खात्याचं, आणि रात्रभराची जागली (राखण) कोणत्याच खात्याची नाही. झोपमोडीची मजुरी लावली तर कापसाचा उत्पादन खर्च किती निघेल, हे हमीभाव काढणाऱ्यांना कोणीतरी दाखवून द्या.

कामाच्या पद्धतीबद्दल माझ्या काही अटी आहेत, त्यांना हट्ट म्हणा. अहवाल मराठीत हवा, आणि सारांश नव्हे, पूर्ण. इंग्रजीत छापायचा तो खुशाल छापा, पण ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांना तो आधी वाचता यावा. तो ग्रामसभेत वाचून दाखवा, लोकांनी काढलेल्या चुका त्याच्यात नोंदवा. आणि येण्याचे महिने बदला. बहुतेक अभ्यासक जानेवारी-फेब्रुवारीत येतात, हवा चांगली असते, माणसं मोकळी असतात. त्या वेळी कर्जाचा ताण दिसत नाही. तो बघायचा तर जूनमध्ये या, जेव्हा बँक सिबिल बघून माणसाला परत पाठवते आणि मृग सुरू झालेला असतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये या, फवारणीच्या दिवसांत. डिसेंबरात खेडा खरेदीवाल्याच्या काट्यापाशी उभे राहा आणि हमीभाव जाहीर असताना माणूस पडत्या भावात कापूस का देतो ते त्यालाच विचारा. तो सांगेल, "चुकारा आज पायजे, सरकारचा कधी येईन?" चुकारा म्हणजे मालाचे पैसे. मजुरी चुकवायची असते, दुकानदार दारात असतो.

तुम्ही हे काम घेणार असाल तर सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात यावं, हंगामी पैसेवारी जाहीर व्हायच्या आधी. एक साधा पर्जन्यमापक पावसाळ्याच्या आधीच पाठवा. जिल्हा परिषद शाळेतले सातवीचे विद्यार्थी रोज सकाळी नोंद ठेवतील, त्यांच्या गुरुजींशी माझं बोलणं झालं आहे. तुम्ही याल तेव्हा पावसाळ्याचं रजिस्टर तयार असेल. त्याच्या शेजारी मंडळाचे आकडे ठेवून बसू. शाळेच्या एका खोलीत दोघा-तिघांची राहायची सोय होते, जेवण आमच्या घरी. बरोबर एखादी मुलगी असू द्या, बाया तिच्याशी मोकळेपणी बोलतील. होकार-नकार काहीही असो, मे संपायच्या आत कळवावं, म्हणजे गुरुजींना शाळा उघडायच्या आधी सांगता येईल.

आपली,
एक कास्तकार, माजी ग्रामपंचायत सदस्य
ता. राळेगाव, जि. यवतमाळ